कावीच्या दोन रंगांत: ब्राउझरमधला डावपेचांचा खेळ, नियमांपासून सर्व्हरपर्यंत

पणजीत असो की फोंड्यात, दोन-तीन मित्र खेळ बनवायला बसले की पहिली बैठक चित्रांवरच संपते. आग्वादचा किल्ला कसा दिसेल, मांडवीत गलबतं कशी डोलतील, पाऊस कसा पडेल. नियम काय असतील यावर कुणी बोलत नाही, सर्व्हरचं तर कुणाला आठवतही नाही. चित्रांचा उत्साह चांगलाच आहे, पण तो जरा आवरून योग्य जागी वापरायला हवा.

हा लेख अशा चमूसाठी आहे: दोघं-तिघं, नोकरी किंवा कॉलेज सांभाळून, बेताच्या पैशांत, चौघांनी ब्राउझरमध्ये खेळायचा डावपेचांचा खेळ करू पाहणारे. माझं मत आधीच सांगून टाकतो. चित्रशैली ठरवताना नियमांचा विचार हवाच, मात्र नियमांच्या कोडमध्ये चित्रांचा मागमूसही नको. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

आधी काय करायचं नाही ते ठरवा

पहिला खेळ रिअल-टाइम करू नका. सैन्यं एकाच वेळी पळताहेत, प्रत्येकाच्या स्क्रीनवर ती एकाच जागी दिसली पाहिजेत, आणि एकाचं नेट पेडण्याच्या बोगद्यात गेलंय. हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही जड जातो. पाळीचा खेळ घ्या, तोही एकाच वेळी सगळ्यांनी हुकूम द्यायचा. म्हणजे चौघे आपापले हुकूम गुपचूप नोंदवतात, मुदत संपली किंवा चौघांचं झालं की सर्व्हर निकाल लावतो. यात कुणी कुणाची वाट पाहत बसत नाही आणि नेटला दोन सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही.

थ्रीडीही नको. आणि हजारो खेळाडूंचं कायम चालणारं जग तर मुळीच नको; सुरुवातीचे सहा महिने तुमच्याकडे हजार खेळाडू नसतात आणि रिकामं जग फार भकास वाटतं.

एक वेगळी वाटही आहे. फ्रीसिव्ह हा मुक्त स्रोताचा (कोड सर्वांना खुला असलेला) डावपेचांचा खेळ १९९५-९६ पासून चालत आलाय; डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. त्याची ब्राउझरमधली आवृत्ती आहे आणि त्यात चित्रांचा संच बदलता येतो. नियम आयते हवेत आणि हात फक्त चित्रांवर चालवायचा असेल तर ही वाट उत्तम. परवाना मात्र नीट वाचा. ब्राउझरची आवृत्ती एजीपीएल परवान्याखाली आहे, त्यामुळे तुम्ही कोड बदलून ती लोकांना वेबवर खेळायला दिलीत तर तो बदललेला कोडही त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी खुशाल तिकडे जावं. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

कागद आणि काजूबिया

पहिला आराखडा कागदावर करा. षटकोनांचा नकाशा छापून घ्या. मधल्या घरापासून सहा वलयांचा घेतला तर १२७ घरं होतात, आठ वलयांचा २१७. चौघांना १२७ पुरतात. सोंगट्या म्हणून काजूच्या बिया घ्या, त्यावर मार्करने रंग द्या.

विषय जवळचा निवडलात तर नियम आपोआप सुचतात. मी उदाहरणाला खाजन शेती घेतो. नदीकाठची सखल जमीन, खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध, पाणी आत-बाहेर सोडणारी मानस, शेजारी मिठागरं, आणि बांधाची देखभाल गावाने मिळून करायची. डावपेचांसाठी याहून चांगला माल शोधून सापडणार नाही, कारण यात शेजाऱ्याशी वैर धरणंही महाग पडतं आणि मैत्री ठेवणंही.

आकडे असे धरा. एक पाळी म्हणजे खेळातला एक आठवडा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण साधारण पंधरवड्याने येतं, म्हणून एकाआड एक पाळी उधाणाची. बांधाचं बळ ६. साध्या पाळीत ते १ ने घटतं, उधाणात २ ने. म्हणजे कुणी हातच लावला नाही तर चौथ्या पाळीला, ऐन उधाणात, बांध फुटतो. फुटला की दोन्ही बाजूंची शेतं खारावतात आणि तीन पाळ्या भात पिकत नाही. दोन खंडी भात खर्चलं की बळ ३ ने वाढतं.

आता हा बांध दोन खेळाडूंच्या हद्दीवर ठेवा आणि गंमत बघा. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीतच टेबलावर सुरू होतं: "अरे, गेल्या वेळी मी भरला, आता तू भर की." समोरचा गप्प. त्याने वाचवलेल्या भातावर होडी घेतलेली असते. मग दोघेही अडून बसतात, बांध फुटतो आणि तिसराच खेळाडू जिंकतो. इथवर ठीक, पण प्रत्येक डाव असाच संपायला लागला तर खेळ कंटाळवाणा होतो. त्यावर उपाय खाजनातच आहे: मिठागरवाल्याला खारं पाणी चालतं. एका बाजूला भातशेती आणि दुसऱ्या बाजूला मिठागर असेल तर बांध फुटण्याची भीती दोघांना सारखी उरत नाही. मग धमकी, सौदा, उधारी हे सगळं आपोआप येतं, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही.

कागदावर हे कळायला दोन संध्याकाळी आणि थोडी भाजी-पाव लागते. कोडमध्ये कळायला महिने जातात. नियम एका पानात मावेनासे झाले की कापायला लागा.

ऐतिहासिक गोवा घ्यायचा मोह होईल. १५१० (पोर्तुगीजांनी गोवा घेतला), १६८३ (संभाजी महाराजांची स्वारी), फोंड्याचा किल्ला, जुव्याचं बेट, सगळा मसाला तयार आहे. जरूर घ्या, पण देवळं आणि चर्च यांना जिंकण्याची किंवा पाडण्याची ठिकाणं करू नका. अनोळखी लोक जिथे एकमेकांशी खेळतात आणि बोलतात तिथे त्याचं काय होतं, हे सांगायची गरज नाही.

नियमांचं इंजिन

कागदावरचे नियम पटले की ते एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये लिहा. टाइपस्क्रिप्ट ही भाषा सोयीची, कारण तेच मॉड्यूल सर्व्हरवर नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आणि खेळाडूच्या ब्राउझरमध्ये, दोन्हीकडे चालतं. त्याचं काम एकच: आत्ताची स्थिती आणि सगळ्यांचे हुकूम आत घ्यायचे, नवी स्थिती आणि घटनांची यादी बाहेर द्यायची. त्यात ना स्क्रीन, ना नेटवर्क, ना डेटाबेस, ना घड्याळ.

घटनांची यादी महत्त्वाची आहे. "सातवा बांध फुटला", "बारावं शेत खारावलं", "लाल होडी धक्क्याला लागली". नवी स्थिती नुसती पाठवली तर खेळाडूला काय घडलं ते कळत नाही, फक्त काहीतरी बदललं एवढंच दिसतं. घटना क्रमाने पाठवल्या की ब्राउझर त्या एकामागून एक चित्रांत दाखवू शकतो.

एकाच वेळी दिलेल्या हुकमांत टक्कर होणारच. त्यासाठी पाळीचे टप्पे ठरवून टाका: आधी बांधाची दुरुस्ती, मग होड्यांची हालचाल, मग व्यापार, मग भरती, शेवटी पीक. दोन होड्या एकाच धक्क्यावर आल्या तर? ज्याचं ओझं हलकं तो आधी. ओझं सारखं असेल तर नाणेफेक. ही नाणेफेक बीज (सुरुवातीचा आकडा; तेच बीज दिलं की तेच निकाल येतात) दिलेल्या यादृच्छिक आकड्यांनी करा आणि बीज डावाबरोबर साठवा. मग एखाद्याने तक्रार केली तर तो डाव जसाच्या तसा पुन्हा चालवून दाखवता येतो. हिशेब पूर्णांकांत ठेवा. अर्धी खंडी हवी असेल तर एकक लहान करा.

षटकोनांसाठी प्रत्येक घराला दोन अक्षांचे आकडे द्या, क आणि र. दोन घरांमधलं अंतर काढायचं तर क चा फरक, र चा फरक आणि या दोन फरकांची बेरीज, तिन्हींची चिन्हं सोडून बेरीज करा आणि दोनने भागा. समजा क चा फरक ३ आणि र चा उणे १. तर ३ अधिक १ अधिक २, भागिले २, म्हणजे ३ घरं. आडव्या-उभ्या ओळी मोजून सम-विषम रांगांचे अपवाद सांभाळण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत.

इंजिन असं सुटं असलं की स्क्रीनशिवाय बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्राम, एकमेकांशी खेळवता येतात. अगदी ढ बॉट चालतील. रात्री हजारभर डाव लावा आणि सकाळी बघा: पहिल्या कोपऱ्यातला खेळाडूच जास्त जिंकतोय का, मीठ कुणी विकतच नाही का.

सर्व्हर, मुदत आणि तुटणारं नेट

सत्य फक्त सर्व्हरकडे. ब्राउझरकडून आलेला प्रत्येक हुकूम तपासायचा: होडी त्याचीच आहे का, तेवढं भात आहे का, पाळी तीच चालू आहे का. आणि जे खेळाडूला दिसायला नको ते त्याला पाठवायचंच नाही. धुक्याखालची, म्हणजे खेळाडूला अजून न दिसलेली, घरं नुसती वरून काळी रंगवली तर ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडणारा कुणीही सगळा नकाशा वाचतो. इंजिनने दिलेली स्थिती आणि घटना या दोन्हींना प्रत्येक खेळाडूच्या नजरेची चाळणी लावा, मगच बाहेर सोडा.

जोडणीसाठी वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली कायम उघडी जोडणी) पुरतं, आणि संदेशांसाठी जेसन हा साधा मजकुराचा साचा पुरतो. मधल्या प्रॉक्सीकडे, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसलेल्या प्रोग्रामकडे, लक्ष द्या: एनजिनएक्स या प्रॉक्सीवर ६० सेकंद काहीच वाहिलं नाही तर तो मूळ सेटिंगप्रमाणे जोडणी तोडतो. दर २५-३० सेकंदांनी पिंग, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा छोटा संदेश, पाठवा, तेही सर्व्हरकडून. मागे गेलेल्या टॅबमधले टायमर ब्राउझर मंदावतो, त्यामुळे ब्राउझरच्या भरवशावर राहू नका.

पावसाळ्यात वीज जाते, फोन वायफायवरून मोबाइल डेटावर उडी मारतो, आणि नेमका तेव्हाच खेळाडूने हुकूम दाबलेला असतो. पोचला की नाही कळत नाही म्हणून तो पुन्हा दाबतो. यासाठी प्रत्येक हुकमाला ब्राउझरनेच एक वेगळा क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवं काही न करता आधीचंच उत्तर परत द्यावं. परत जोडणी झाली की ब्राउझर सांगतो, "मला ४१ व्या घटनेपर्यंत माहीत आहे", आणि सर्व्हर ४२ पासून पुढचं पाठवतो. फारच मागे राहिला असेल तर सरळ पूर्ण स्थिती द्या.

मुदतीचं घड्याळ सर्व्हरच्या मेमरीतल्या टायमरवर ठेवू नका; सर्व्हर पुन्हा चालू झाला की तो टायमर गेला. मुदत डेटाबेसमध्ये लिहा आणि काही सेकंदांनी "मुदत उलटलेले डाव" शोधत राहा. निकाल लावताना पाळीचा क्रमांक तपासून एकाच डेटाबेस-व्यवहारात (सगळं होईल किंवा काहीच नाही) बदला, नाहीतर दोन प्रोसेस एकच पाळी दोनदा निकालात काढतील आणि बांध दोनदा झिजेल. ब्राउझरला "९ वाजता" असं सांगण्यापेक्षा उरलेले सेकंद पाठवा, कारण अनेकांच्या संगणकाचं घड्याळ चुकलेलं असतं.

डेटाबेस पोस्टग्रेस घ्या किंवा सुरुवातीला एसक्यूलाइट. सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला साधा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर. पाळीच्या खेळाला एवढ्यात बराच काळ निभतं.

नवी चित्रं

आता चित्रं. नवी चित्रं म्हणजे जास्त तपशील, जास्त सावल्या, जास्त चकाकी असं अनेकांना वाटतं. लहान चमूने उलट जावं: अशी शैली निवडावी जिच्यात काम कमी आणि ओळख जास्त. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी त्यासाठी मला फार योग्य वाटते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल-तपकिरी कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा, अशी ती कला. दोनच रंग, ठसठशीत रेषा, सावली नाही.

या तिन्ही गोष्टी खेळासाठी कामाच्या आहेत. रंग दोनच असल्यामुळे नकाशावर मालकीचा रंग एकदम उठून दिसतो. निळा किंवा पिवळा पट्टा दिसला की तो खेळाडूचाच. मालकीला रंगाबरोबर खूणही द्या, मासा, नारळ, समई, नांगर अशी, कारण लाल-हिरवा फरक न कळणारे लोक आपल्याला वाटतात त्याहून बरेच असतात.

सावली नसल्याचा फायदा हिशेबात दिसतो. षटकोनाच्या सहा बाजू. नदी कुठून येते आणि कुठे जाते त्याप्रमाणे चित्र बदलायला हवं. प्रत्येक बाजूला १, २, ४, ८, १६, ३२ असे आकडे दिले की बेरीज हाच चित्राचा क्रमांक होतो. समोरासमोरच्या बाजूंनी वाहणारी नदी म्हणजे १ अधिक ८, क्रमांक ९. एकूण शक्यता ६४. कलत्या कोनातल्या, सावल्या असलेल्या शैलीत ही ६४ चित्रं काढावी लागतात, कारण चित्र फिरवलं की सावलीही फिरते. सरळ वरून पाहिलेल्या, सावली नसलेल्या शैलीत चित्र ६० अंशांनी फिरवून वापरता येतं आणि मग १४ पुरतात. नदी, बांध, हद्द अशा तीन प्रकारांना हेच लागू केलं तर १९२ ऐवजी ४२ चित्रं. एकट्या चित्रकारासाठी हा फरक खेळ पूर्ण होण्या-न होण्याचा असतो.

इंकस्केपमध्ये किंवा क्रितामध्ये काढा. लाल पार्श्वभूमीवर पांढरी रेष कोरल्यासारखी काढा, पांढऱ्यावर लाल नको. नाहीतर ती कावी न वाटता साधा ठसा वाटते. रेषेची जाडी सगळीकडे एकच ठेवा आणि चित्र फोनवर ज्या आकारात दिसणार त्या आकारात रोज तपासा. मोठ्या स्क्रीनवर सुरेख दिसणारी मानसेची फळी फोनवर नुसता ठिपका होते. बोटाने दाबायचं घर ४४ पिक्सेलपेक्षा लहान होऊ देऊ नका. देवळातल्या कामाचे फोटो घ्यायचे तर देवस्थानाला विचारून घ्या, आणि नक्षी तशीच उचलण्यापेक्षा तिची पद्धत शिका.

सगळी चित्रं एका मोठ्या चित्रफाइलीत, म्हणजे अ‍ॅटलसमध्ये भरा. फाइल छोटी असली तरी ग्राफिक्सच्या मेमरीत ती उघडून बसते: २०४८ गुणिले २०४८ चं अ‍ॅटलस १६ एमबी घेतं, ४०९६ चं ६४ एमबी. कावीच्या संचाला पहिलं पुरावं. चित्रं स्क्रीनवर काढण्यासाठी पिक्सीजेएस ही जावास्क्रिप्टची लायब्ररी घ्या. खेळांसाठीचं फेझर हे फ्रेमवर्कही चालेल, पण पाळीच्या खेळाला त्यातलं निम्मं लागत नाही. जमीन एकदाच रंगवून साठवा, तिच्यावर हद्दी, वर होड्या, सगळ्यात वर धुकं. आणि काहीच हलत नसेल तेव्हा पुन्हा रंगवू नका. सेकंदाला ६० वेळा तोच नकाशा काढत बसलेला खेळ बॅटरी खातो, आणि फोन तापला की लोक टॅब बंद करतात.

बाहेरून घेतलेल्या प्रत्येक चित्राचा आणि आवाजाचा परवाना एका तक्त्यात लिहून ठेवा, पहिल्या दिवसापासून.

अक्षरं

इंग्रजीतले मार्गदर्शक इथे उपयोगी पडत नाहीत. खेळांत वेगासाठी बिटमॅप फॉन्ट वापरतात, म्हणजे प्रत्येक अक्षराचं तयार चित्र. देवनागरीत त्याचे बारा वाजतात: वेलांटी चुकीच्या बाजूला बसते, जोडाक्षरं सुटी होतात, रफार हरवतो. मजकूर नकाशावर न काढता वर ठेवलेल्या साध्या एचटीएमएलमध्ये दाखवा; ब्राउझर तो बिनचूक जुळवतो. नकाशावर गावांची नावं हवीतच तर ब्राउझरकडून कॅनव्हासवर लिहून घेऊन त्याचं चित्र करा, तेही फॉन्ट पूर्ण उतरल्यावर. मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या.

टोपणनावाची मर्यादा मोजताना जपा. "क्षितिज" आपल्याला तीन अक्षरी दिसतं, पण संगणकाला ते सात संकेतांचं असतं आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट्स. "नाव मोठं आहे" असा नकार तीन अक्षरांच्या नावाला मिळाला तर तो खेळाडू पुन्हा येत नाही. सगळा मजकूर वेगळ्या फाइलींत ठेवा, म्हणजे कोंकणी आवृत्ती करताना कोडला हात लावावा लागणार नाही.

लोकांना देताना

आधी आमंत्रणाच्या कोडवर चालणारे डाव ठेवा. ओळखीचे चौघे, दिवसाला एक पाळी. सूचना ईमेलने पाठवा; वेब सूचना आयफोनवर खेळ होम स्क्रीनवर बसवल्याशिवाय येत नाहीत. डाव थांबवायची सोय पहिल्याच आवृत्तीत हवी, कारण चवथीच्या दिवसांत कुणी पाळी खेळत नाही आणि सक्तीने बांध फोडलात तर भांडण घरापर्यंत जातं.

"पैसे लावून खेळता येईल का?" हा प्रश्न मांडवीत कॅसिनो तरंगत असलेल्या शहरात येणारच. उत्तर नाही असंच द्या; पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. माहितीही कमीत कमी गोळा करा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, म्हणून जन्मतारीख, फोन, पत्ता यांतलं जे लागत नाही ते मागूच नका.

खुला करण्याआधी तीन वाईट प्रसंग मुद्दाम घडवून बघा: निकाल लागत असतानाच सर्व्हर मारा, हुकूम दाबताच फोन विमान मोडवर टाका, आणि कालच्या बॅकअपवरून नव्या मशीनवर सगळं उभं करा. तिसरा प्रसंग लोक टाळतात. घेतलेला बॅकअप उघडत नाही हे खरी गरज लागते त्या रात्री कळलं तर उपयोग नाही.

राहिली नियमबदलाची गोष्ट. लोक खेळायला लागले की आठवड्याभरात कळतं, मीठ फार स्वस्त आहे. ते बदला, पण चालू डावांत नको. प्रत्येक डावाबरोबर इंजिनच्या आवृत्तीचा क्रमांक साठवा, जुनी आवृत्ती सर्व्हरवर ठेवा आणि सुरू झालेला डाव ज्या नियमांवर सुरू झाला त्याच नियमांवर संपू द्या.